पाच ताटांचा नांदरुक

मित्रांनो, मी एक जुना नांदरुक आहे. वडाच्या गोतावळ्यातला, पण वडासारखे ऐसपैस मला कुणी वाढू दिले नाही. माझा जवळजवळ सारा जन्म कुंडीत गेला. कुंडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर खिडकीतली तुळस येत असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. माझी कुंडी म्हणजे सिमेंटची उथळ, लांबरुंद पेटी. ती हलवायची झाली तर खाली बांबू सारावे लागतात आणि गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना हाका माराव्या लागतात. चांगला उंच माणूसही माझा शेंडा मान वर करूनच बघतो.

तांबड्या नदीच्या बांधाआड आमचे वान दिएम हे गाव आहे. या गावात भात पिकतो, पण गावाचे नाव भातावर नाही, झाडांवर चालते. इथे बाप मुलासाठी घर ठेवतो तसे अंगणातले झाड ठेवतो, आणि सोयरीक ठरवायला आलेली माणसे आधी झाड बघतात, मग मुलगा.

माझा जन्म मात्र अंगणात झाला नाही. गावदेवाच्या मंदिराच्या वेशीवर एका पक्ष्याने मला टाकले आणि मी विटांच्या फटीत रुजलो. तिथे मी सुखात होतो. एक दिवस एक माणूस पहार घेऊन आला. त्याने विटा फोडल्या, माझी मुळे ओढून काढली. जी निघाली नाहीत ती कुऱ्हाडीने तोडली. मग त्याने माझे खोड कमरेतून कापले. आम्हा नांदरुकांचे रक्त पांढरे असते. लोक त्याला चीक म्हणतात. त्या दिवशी माझा एवढा चीक वाहिला की त्या माणसाचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते.

त्याने मला एका दगडावर बसवले आणि मुळे दगडाभोवती दोरीने आवळून बांधली. खोडाला आतून पटाशीने खाच मारली, ते पिळले आणि वाकवले, आणि पुन्हा सरळ होऊ नये म्हणून तार गुंडाळली. तार काढायला उशीर झाला तर ती सालीत रुतते. माझ्या सालीत ती कितीदा रुतली, ते व्रण आजही मोजता येतील.

या माणसाला एक मुलगा होता. त्याचे नाव खोआत. बापाने शिकवलेली गाठ त्याच्याकडून चुकली की बाप हातात असेल त्याच तारेने त्याला मारायचा. मला वाकवणारी तार आणि खोआतच्या पाठीवर पडणारी तार एकच होती. तो रडत नसे. माझ्याकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचे, याला माझे दुःख कळत असेल. पुढे मला समजले की ज्याला मार बसतो त्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याचे दुःख कळतेच असे नाही.

बाप वारला आणि मी खोआतच्या वाट्याला आलो. त्याचा हात बापापेक्षा चांगला होता. त्याने माझ्या फांद्या पसरवून पानांचे पाच सपाट थर केले, एकावर एक ताटे मांडावीत तसे. आमच्याकडे या पाच ताटांना पाच भाग्यांची नावे आहेत. वरून खाली धन, मान, आयुष्य, आरोग्य आणि सगळ्यात खाली शांती. खालचे ताट सगळ्यात रुंद होते. त्याच्या सावलीत सकाळी कोंबड्या बसायच्या.

खोआतने लग्न केले. मिएन नावाची नदीपलीकडची मुलगी घरात आली. तिला कमी बोलायची सवय होती. तांदळाचे धुवण ती रोज माझ्या मुळाशी ओतायची. सासरी आल्यावर तिने पहिली ओळख बहुधा माझ्याशीच केली.

मग युद्ध पेटले आणि शहरावर विमाने यायला लागली. आमचे गाव शहरापासून लांब नव्हते. भोंगा वाजला की लोक जमिनीतल्या खड्ड्यांत उतरायचे. मिएन तान्ह्या लेकीला, लुयेनला, छातीशी धरून खड्ड्यात जायची. खोआत जात नसे. त्याने माझ्याभोवती पेंढा आणि चिखलाची भिंत घातली होती आणि भोंगा वाजला की तो आत शिरून मला मिठी मारायचा, पाठ आभाळाकडे करून. एका दुपारी बांधाच्या अलीकडे बाँब पडला. चिखलाची भिंत उडाली. एक तुकडा माझ्या खोडात घुसला आणि एक खोआतच्या खांद्यात. आमच्या घराच्या खड्ड्याचे तोंड ढासळले. मिएनने आतून नखांनी माती उकरली, आधी पोरीला बाहेर ढकलले आणि मग स्वतः सरपटत बाहेर आली.

गाव गोळा झाले ते खोआतभोवती. शेजारचे दाऊदादा कुंड्या ओतायचे काम करायचे. तेच सगळ्यांना सांगत होते, "याला म्हणतात माळी. झाडासाठी मरायला निघाला होता गडी."

मिएन एका कोपऱ्यात बसून पोरीच्या नाकातला चिखल करंगळीने काढत होती. तिला कुणी काही विचारले नाही. मलाही तेव्हा त्यात वावगे वाटले नाही. खोटे कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता.

युद्ध संपले. खोआतचे नाव जिल्ह्यात झाले. लांबलांबून माणसे शिकायला यायची. तो त्यांना हिरवा चहा द्यायचा, बांबूची गुडगुडी पुढे करायचा आणि हळू आवाजात सांगायचा की फांदीवर जबरदस्ती करू नका, रोज थोडी थोडी वळवा, तिला कळूही देऊ नका. माणसे माना डोलवायची. ती गेली की तो आत जायचा, आणि चहा निवला होता या कारणावरून भांडी आदळण्याचा आवाज यायचा. भांड्यांनंतर दुसरा आवाज यायचा. तो कावडीच्या काठीचा असे.

अंगणात उभ्या झाडाला घराचे सगळे ऐकू येते, मित्रांनो. काठी पाठीवर पडली की वेगळी वाजते आणि हातावर पडली की वेगळी. मिएन ओरडत नसे. थोड्या वेळाने ती झारी घेऊन बाहेर यायची आणि मला पाणी घालायची. हात थरथरत असला की धार कुंडीच्या बाहेर जायची. खोआतने ते पाहिले तर तेवढ्यासाठी पुन्हा काठी. एकदा तिची बरगडी मोडली. आठवडाभर ती वाकून पाणी घालत होती, आणि गल्लीतून जाणाऱ्या बायका म्हणत होत्या, "तापट आहे जरा, पण हात सोन्याचा आहे हो त्याचा."

लुयेन मोठी झाली तशी तिच्या वाट्यालाही काठी आली. कोंबडी कुंडीत चढली, शेवाळ सुकले, शेण जास्त पडले, कशासाठीही. पण या पोरीत एक गोष्ट होती. तिला झाड दिसायचे. पाणी घालताना ती मागे सरकून डोळे बारीक करायची आणि माझ्याकडे असे बघायची की मला वाटे, ही माझ्या आतली वाट शोधते आहे. खोआतने तिला कधी काही शिकवले नाही. ती ओट्यावर मिरच्या निवडत बसायची आणि त्याचे हात बघायची.

ती पंधरा-सोळा वर्षांची असतानाची गोष्ट. शहरात वसंतातल्या जत्रेला झाडांचा मेळा भरायचा होता आणि खोआत मला घेऊन जाणार होता. दाऊदादांनी माझ्यासाठी नवी कुंडी ओतली होती. सकाळी खोआत माझ्यासमोर उभा राहिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "काहीतरी अडतंय. काय अडतंय ते कळत नाही."

लुयेन ओट्यावरून म्हणाली, "बाबा, वरचं ताट पुढे आलंय. त्याची डावी डहाळी काढली तर शेंडा मोकळा होईल."

त्याने मागे वळून तिच्या कानशिलात मारली. फार जोरात नाही. जाता जाता माशी हाकलावी तशी. मग तो तार आणायला शहरात गेला.

दुपारी लुयेन शिडी घेऊन आली. आई मागच्या बाजूला डुकरांसाठी केळीचे खोड चिरत होती. पोरीने कात्री काढली, डहाळीवर बोट ठेवले, दोन श्वास थांबली आणि कापले. मित्रांनो, मला आयुष्यात शेकडो वेळा कापले आहे. तो काप मला दुखला नाही. शेंड्यावरचे ओझे उतरावे तसे झाले. ती खाली उतरली, मागे सरकली आणि हसली. ते बरोबर झाले होते, तिला ठाऊक होते आणि मलाही.

खोआत संध्याकाळी परत आला. उजेड अजून होता. त्याने फाटकातूनच पाहिले. मी त्याचा चेहरा बघत होतो, म्हणून सांगतो. पहिल्या क्षणी तो चेहरा उजळला. जे अडत होते ते सुटले आहे, हे त्याच्या डोळ्यांना कळले. आणि ते कुणी सोडवले हे कळल्यावर तो चेहरा काळा पडला. चूक झाली म्हणून त्याने तिला मारले नाही. बरोबर झाले म्हणून मारले.

त्याने काठी घेतली. पोर अंगणात धावली तशी तिच्या पायांवर मारले. ती पडली. पाठीवर, खांद्यावर मारले. मग काठी टाकून त्याने तिचा उजवा हात धरला आणि ज्या दगडावर तो माझी मुळे ठेचायचा त्या दगडावर तो दाबला. बाजूला लाकडी मोगरी पडली होती. "कुठल्या बोटांनी कापलंस?" तो हळू आवाजात विचारत होता, विद्यार्थ्यांशी बोलायचा त्याच आवाजात. "दाखव. कुठल्या बोटांनी?" मोगरी खाली आली. लुयेन किंचाळली. तो आवाज सगळ्या गल्लीत गेला. मोगरी पुन्हा वर गेली.

मिएन मागच्या दाराने आली. तिच्या हातात केळी चिरायचा कोयता होता. ती नवऱ्याकडे गेली नाही. पोरीकडेही गेली नाही. ती सरळ माझ्याकडे आली.

"थांबा," ती म्हणाली.

खोआतने बघितलेही नाही. मोगरी खाली आली.

तिने कोयता दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या सगळ्यात खालच्या ताटाच्या फांदीवर घातला. पहिल्या घावात साल फुटली आणि चीक तिच्या तोंडावर उडाला. दुसऱ्या घावात कोयता लाकडात अडकला. तिने माझ्या खोडाला पाय लावून तो उपसला. तिसऱ्या घावात फांदी तुटली आणि ते रुंद ताट पानांसकट जमिनीवर आपटले. ते वाढवायला बापलेकांची अख्खी हयात गेली होती.

मला काय वाटले ते विचारू नका. ती मला रोज धुवण घालणारी बाई होती.

खोआत उठला. मोगरी त्याच्या हातात होती. मिएनने कोयत्याचे पाते माझ्या दुसऱ्या फांदीवर टेकवले. तिचा श्वास फुलला होता, पण आवाज स्थिर होता.

"तुम्ही एक मारा," ती म्हणाली, "मी एक मारते. तिला मारा, नाहीतर मला मारा. मी यालाच मारणार. बघू आधी कोण संपतं."

खोआतने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मोगरी टाकून दिली. तो खाली बसला. तुटलेली फांदी त्याने मांडीवर घेतली आणि लहान मुलासारखा रडू लागला. हाताच्या अंतरावर त्याची पोर दगडाशी बसली होती. तिची दोन बोटे नको त्या दिशेला वळली होती. ती रडत नव्हती. ती त्याचे रडणे बघत होती.

दाऊदादा भिंतीवरून उडी मारून आले आणि लुयेनला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. बोटे जुळली, पण वाकडी जुळली. पुढे तिला त्या हाताने कात्री कधी नीट धरता आली नाही.

दोन दिवसांनी गावातली जाणती मंडळी आमच्या अंगणात जमली. झाडावर हात टाकणारी बाई गावाने कधी पाहिली नव्हती. माळ्यांचे प्रमुख तिएप आजोबा पुढे बसले. माझ्या जखमेवर खोआतने चुना आणि चिखल लिंपला होता. सगळ्यांनी ती निरखली, हळहळले. लुयेन ओट्यावर हात गळ्यात बांधून बसली होती. तिच्याकडे कुणी गेले नाही.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "मुक्या जिवानं तुझं काय बिघडवलं होतं? माफी माग आणि मोकळी हो."

"झाड मुकं आहे आजोबा, खरंय," मिएन म्हणाली. "माझी पोर मुकी नव्हती. ती ओरडली तेव्हा तुमच्या अंगणात गुडगुडी वाजत होती. ती गुडगुडी थांबली. मला इथवर कळलं. म्हणजे तुम्ही ऐकलंत."

आजोबांनी खाली मान घातली. मागून कुणीतरी म्हणाले, "खालचं ताट म्हणजे शांती. घरातली शांतीच गेली की हो."

"ती या घरात होती कधी?" दाऊदादा म्हणाले. "मी भिंतीपलीकडे राहतो, मला विचारा."

काही माणसे हसली. मिएन हसली नाही. ती त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला विचारते की दादा. भिंतीपलीकडेच राहता. इतकी वर्षं ऐकत होतात. परवाच उडी मारता आली ती?"

माफी कुणी मागितली नाही. मंडळी चहा न घेताच उठली.

त्या दिवसापासून कोयता माझ्या कुंडीच्या काठावर असायचा. खोआतने एकदा तो विहिरीत टाकला. मिएनने बाजारातून दुसरा आणून तिथेच ठेवला. तुम्हाला सांगतो, त्या वर्षी वान दिएममध्ये आणखी दोन-तीन अंगणांत कुंड्यांच्या काठांवर कोयते दिसायला लागले. आणि काही पुरुषांनी आपल्या झाडांना कुंपण घातले. हात आवरण्यापेक्षा त्यांना ते सोपे वाटले.

मारणाऱ्याचा हात एका दिवसात थांबत नाही. बरेच महिने खोआत स्वतःला धरून होता. मग पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस लुयेन डाव्या हाताने कात्री धरून एका लहान रोपावर सराव करत होती. कात्री घसरली, रोप तुटले. खोआतने काठी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. मिएन धावत आली, पण या वेळी तो सावध होता. तो तिच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. तिने कोयत्याकडे हात नेला तशी त्याने काठी तिच्या डोक्यात घातली. ती कुंडीच्या काठावर आपटून पडली. तिच्या कपाळातून रक्त माझ्या मातीत आले. मातीत आलेले मी सगळे पितो, मित्रांनो. मला निवड नसते.

कोयता खाली पडला होता. तो लुयेनने उचलला. डाव्या हातात. फाटक्या ओठाने ती बापाकडे चालत आली.

खोआतला वाटले, घाव त्याच्यावर येणार. त्याने काठी टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. डोळे घट्ट मिटले. बाप तारेने मारायला यायचा तेव्हा तो लहानपणी असाच उभा राहायचा. मी ओळखले ते उभे राहणे.

लुयेन त्याला ओलांडून गेली. तिने माझी दुसरी फांदी तोडली. डावा हात कच्चा होता, म्हणून खूप घाव घालावे लागले. आरोग्याचे ताट खाली आले, तरी खोआतने डोक्यावरचे हात काढले नाहीत. तो ऐकत होता. एकेक घाव ऐकताना त्याचे खांदे आत जात होते, जणू ते त्याच्याच अंगावर पडत होते. काम झाल्यावर पोरीने कोयता जागच्या जागी ठेवला आणि आईला उठवले.

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला मारले नाही. तो सुधारला, असे मी म्हणणार नाही. तो घाबरला. माझ्यासाठी घाबरला. कधी त्याचा हात वर जायचा, मग नजर माझ्याकडे जायची आणि हात खाली यायचा. एकदा त्याने स्वतःचे डोके दाराच्या चौकटीवर आपटून घेतले. पोरीसाठी जे थांबले नाही ते माझ्यासाठी थांबले, ही गोष्ट मला सुखाची वाटत नाही. मला माझ्या फांद्यांपेक्षा तीच जास्त दुखते.

मला मेळ्याला नेलेच नाही. पाचांची तीन ताटे राहिलेले झाड कोण बघणार? शिकायला येणारी माणसे कमी झाली. लुयेनने बांधापलीकडे जमिनीचा एक तुकडा खंडाने घेतला आणि नववर्षाच्या सणाला विकायची नारिंगीची झाडे लावली. डाव्या हाताने ती हळूहळू तरबेज झाली. दर बाजाराच्या दिवशी आईला भेटायला यायची. बापाशी बोलायची नाही.

आता आम्हा नांदरुकांचा स्वभाव असा की जिथे तोडाल तिथून आम्ही फुटतो. दुसऱ्याच वर्षी माझ्या दोन्ही खुंटांवर हिरवे कोंब आले. दाऊदादा खूश झाले. "चला, भरून येतंय. दहा वर्षांत ताटं पुन्हा तयार होतील, कुणाला कळायचंही नाही."

खोआतने पुढे होऊन एकेक कोंब नखाने खुडला.

"अरे, खुळा आहेस का?" दाऊदादा म्हणाले.

"राहू दे असंच," खोआत म्हणाला. "बायकोनं काय केलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे."

आणि तो ते करत राहिला. दर वसंतात मी फुटायचो आणि दर वसंतात तो खुडायचा. कुणी आले की मिएनसमोर बोट दाखवून सांगायचा, हे बाईचे काम. मिएन झारी घेऊन तिथेच उभी असायची. ती उलट बोलत नसे, पण तिथून हलतही नसे. वर्षे गेली. खोआतचे केस पांढरे झाले. हात इतके कापू लागले की कोंब खुडताना साल निघायची. हळूहळू तो दाखवायचे विसरू लागला, की टाळू लागला, मला सांगता येणार नाही. नुसता खुडायचा आणि खुंटावर तळवा ठेवून थोडा वेळ उभा राहायचा.

एका वर्षी शहरातून मेळ्याचे एक पंच आले. वयस्कर, अदबशीर माणूस. माझ्या शेंड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. "हा शेंडा कुणी मोकळा केला?" त्यांनी विचारले. "फार सुंदर काप आहे."

त्या दिवशी बाजार होता. लुयेन ओट्यावर आईजवळ बसली होती. खोआतने तिच्याकडे पाहिले नाही, पण हाताने तिच्या दिशेला दाखवले. "मुलीनं."

"आणि हे खाली? अरेरे. हे कुणी केलं हो?"

मिएनने झारी खाली ठेवली. ती वाट बघत होती. ते वाक्य तिने इतक्यांदा ऐकले होते.

"मी," खोआत म्हणाला.

पंचांना वाटले, त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. "तुम्ही? तुमच्यासारख्या माणसाने? कशाने तोडलंत?"

"काठीनं," खोआत म्हणाला. "मोगरीनं."

पंचांना काही उमगले नाही. म्हातारा भ्रमला असावा असे समजून त्यांनी विषय बदलला. मिएनने झारी उचलली आणि उरलेले पाणी मला घातले. त्या दिवशी धार कुंडीच्या बाहेर गेली. लुयेन उठून आत गेली. माफी मागितली गेली नाही आणि दिलीही गेली नाही. संध्याकाळी तिने जाताना बापाला म्हटले, "येते." इतक्या वर्षांत तेवढाच एक शब्द.

त्या हिवाळ्यात खोआत गेला. त्याच्या मरणानंतरच्या जेवणाला सारे गाव आले, माणसांनी त्याच्या हाताचे गुण गायले. वसंत आला आणि मी माझ्या सवयीने खुंटांवर फुटलो. खालच्या खुंटावर तीन कोंब, वरच्यावर एक.

लुयेन बाजाराच्या दिवशी आली. तिने कोंब पाहिले आणि आपोआप तिचा वाकड्या बोटांचा हात पुढे आला. घरात दरवर्षी खुडायचेच, हे तिला माहीत होते.

"राहू दे," मिएन म्हणाली.

"येऊ देऊ?"

"येऊ दे. आता इथं कुणी मारत नाही."

लुयेनने हात मागे घेतला. मग आत जाऊन ती मऊ सुतळी घेऊन आली आणि मायलेकी दोघी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. कुठला कोंब ठेवायचा आणि तो कुठल्या अंगाला न्यायचा, यावर त्या दुपारभर बोलत होत्या. तार त्यांनी वापरली नाही.

आज ते कोंब मनगटाएवढे झाले आहेत. ताटे अजून झाली नाहीत, आणि जुने व्रण तर जाणारच नाहीत. मला त्याची घाई नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुणाच्या दारात सुंदर झाड असेल. निगा राखलेले, पाने पुसलेले. ते जरूर बघा, त्याचे कौतुक करा, आम्हाला ते आवडते. पण त्याच दारातून कधी किंचाळी ऐकू आली, तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. मी काय, उभाच आहे. तुम्ही आधी घरात जा. माझे पाणी जरा उशिरा झाले तरी चालेल.